वंदा : वृक्षादनी की वृक्षरुहा?



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते, ते या शाळेत मराठी आणि निसर्गविज्ञान असे दोन्ही विषय शिकवीत. शब्द आणि वस्तू यांची सांगड घालून देणे हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र होते, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. मी भाषेचा अध्यापक. वनस्पतिशास्त्र हा माझा अभ्यासविषय नव्हे. तथापि एका वनस्पतीचे नाव असे आहे की त्याचा माग काढू लागले म्हणजे भाषेच्या अभ्यासकाला झाडावर चढावे लागते आणि वनस्पतीच्या अभ्यासकाला कोश उघडावा लागतो. ते नाव म्हणजे ‘वंदा’. गुरुजींच्या स्मृतीला हा विषय रुचला असता, या भावनेने मी तो निवडला आहे.

वंदा ही ऑर्किड कुलातील एक प्रजाती. मराठी वैज्ञानिक लेखनात ऑर्किडांना ‘आमरी’ असे नाव रूढ झाले आहे. मीही आज तेच वापरणार आहे. आमरींचे कुल हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून जगात त्याच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात भारतातील १,२५६ जातींची नोंद आहे. त्यांपैकी वंदा प्रजातीच्या जाती जगात ऐंशी ते नव्वद मानल्या जातात, आणि त्यांचा विस्तार भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशिया व न्यू गिनी ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत आहे. या सर्वांमध्ये आपल्या अंगणाजवळची म्हणता येईल अशी जात म्हणजे ‘वंदा टेसेलाटा’. गुजरात आणि महाराष्ट्रात आंब्यासारख्या जुन्या, खरखरीत सालीच्या वृक्षांवर ती सहज आढळते. तिच्यासाठी दुर्गम अरण्यात जावयास नको. मान वर करून पाहावयास मात्र हवे.

आता नावाकडे वळू. अमरसिंहाच्या कोशात, वनौषधिवर्गात, चार शब्द एकत्र दिलेले आहेत : वंदा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवंतिका. कोशकाराने हे चारही एकाच वस्तूचे पर्याय मानले. परंतु शब्दांची फोड करून पाहा. वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. पहिल्या शब्दात आरोप आहे, दुसऱ्यात केवळ पत्ता आहे. एकीने झाडाचे अन्न घेतले. दुसरीने झाडावर जागा घेतली, एवढेच. या दोघी एकच कशा असतील? माझ्या आजच्या व्याख्यानाचा सारा विषय या एका प्रश्नात आलेला आहे.

हे नाव पाश्चात्त्य शास्त्रात कसे गेले, तो इतिहासही उद्बोधक आहे. १७८४ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स हे न्यायाधीश आणि संस्कृतज्ञ म्हणून आपल्याला ठाऊक असतात; पण आयुष्याच्या उत्तरकाळात त्यांना वनस्पतींचा छंद जडला होता. भारतीय वनस्पतींना त्यांची देशी नावेच द्यावीत, असे त्यांचे आग्रही मत होते. १७९४ साली ते निवर्तले. त्यांची वनस्पतिविषयक टिपणे त्यानंतर सोसायटीच्या ग्रंथमालेत छापली गेली आणि त्यांत वृक्षांवर वाढणाऱ्या या आमरीसाठी त्यांनी ‘वंदा’ हे नाव नोंदविले होते. त्याच सुमारास, १७९५ साली, विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात याच वनस्पतीचे वर्णन ‘एपिडेंड्रम टेसेलाटम’ या नावाने केले. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी जोन्स यांचा शब्द उचलून ‘वंदा’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. अशा रीतीने अमरकोशातील एक शब्द लॅटिनच्या पंक्तीत जाऊन बसला.

परंतु त्याबरोबर एक विलक्षण गोष्ट घडली. आपल्याकडे बोलीभाषांत या शब्दाची जी रूपे राहिली, त्यांचा रोख बहुधा दुसऱ्याच वनस्पतीकडे होता. हिंदीतील ‘बांदा’ आणि गुजरातीतील ‘वांदो’ म्हणजे आपले मराठी बांडगूळ. शास्त्राने शब्द घेतला तो वृक्षरुहेसाठी. लोकांनी तो ठेवला वृक्षादनीसाठी. एका शब्दाचे दोन वारस झाले, आणि त्यांच्यातील भेद सांगणारा कोणीच उरला नाही.

तो भेद वनस्पतिशास्त्र सांगते. प्रथम बांडगुळाचा विचार करू. आंब्यावर सर्रास दिसणाऱ्या बांडगुळाचे शास्त्रीय नाव ‘डेंड्रॉप्थी फाल्काटा’. त्याला नारिंगी छटेची, नळीसारखी लांब फुले येतात. फळांतील बी चिकट असते. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी ती फळे खातात आणि चिकट बी फांदीवर सोडतात. ते रुजले की त्यातून शोषकमूल निघते. ते साल भेदून थेट झाडाच्या जलवाहिन्यांशी जोडले जाते. बांडगुळाची पाने हिरवी असतात, म्हणजे अन्न शिजविण्याचे काम ते स्वतःही करते. पण त्यासाठी लागणारे पाणी आणि क्षार ते झाडाच्या चोरलेल्या रसातून घेते. जोडाच्या ठिकाणी फांदीला गाठ येते, गाठीपुढची फांदी हळूहळू वाळते. आंब्याची बाग असलेला शेतकरी त्याचा द्वेष करितो, तो उगीच नव्हे. वृक्षादनी हे नाव त्याला पुरेपूर शोभते.

आता वंदा पाहा. तिचे खोड जेमतेम हात-दीड हात लांबीचे. ते शेंड्याकडे वाढत राहते आणि त्याच्या दोन बाजूंना, कंगव्याच्या दात्यांसारखी, जाड चिवट पाने ओळीने लागतात. प्रत्येक पान मध्यशिरेवर दुमडून पन्हाळीसारखे झालेले असते व त्याचे टोक कोणीतरी चावून तोडल्यासारखे असमान दिसते. खोडाच्या बुडातून आणि पानांच्या मधून सुतळीएवढी जाड, पांढुरकी मुळे निघतात. काही सालीला घट्ट बिलगतात, काही नुसतीच हवेत लोंबतात. ही मुळे हेच या वनस्पतीचे सर्वांत मोठे नवल होय. त्यांच्याभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. कोरडेपणी त्या पेशींत हवा भरलेली असते म्हणून मूळ पांढरे दिसते. पावसाचा शिडकावा होताच ते वेष्टन पाणी टिपून घेते आणि आतला हिरवा रंग बाहेर डोकावू लागतो. हे मूळ सालीच्या आत शिरत नाही. खोडावरून ओघळणारे पावसाचे पाणी, दव, धूळ, कुजलेल्या पाल्याचा अंश एवढ्यावर ते भागविते. झाडाच्या रसाच्या एका थेंबालाही ते तोंड लावीत नाही.

मग वैशाखात ही वनस्पती तगते कशी? तिच्या पायाखाली माती नाही, मुळाशी ओल नाही. त्याचे उत्तर तिच्या पानांत आहे. बहुतेक वनस्पती आपली पर्णरंध्रे दिवसा उघडतात आणि त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. वंदा ती रात्री उघडते. रात्रीच्या गारव्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते, आणि दिवसा दारे बंद करून, सूर्याच्या उजेडात, त्याच साठ्यातून आपले अन्न तयार करिते. निवडुंगाची आणि अननसाचीही हीच रीत. जिच्याकडे साठविण्यास थोडेच आहे तिने खर्च कसा करावा, याचा हा वस्तुपाठच म्हणावयाचा.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तिला फुले येतात. पानाच्या बगलेतून दांडा निघतो व त्यावर पाच-दहा फुले लागतात. फूल दीड-दोन इंच रुंद. पाकळ्यांचा रंग पिवळट हिरवा, त्यावर तपकिरी रेषांची चौकड्यांची जाळी. ‘टेसेलाटा’ हे विशेषण याच चौकड्यांवरून आले; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान लहान चौकोनी फरशा बसविल्यासारखे, असा आहे. बाहेरची तीन दले, आतली तीन; आतल्यांपैकी एकाचे रूपांतर जांभळट निळ्या ओष्ठात झालेले. हा ओष्ठ कीटकाला बसावयास पाटासारखा खालच्या बाजूला हवा, म्हणून कळीचा देठ उमलण्यापूर्वी सुमारे १८० अंशांतून पिळवटतो. म्हणजे आपण जे सुलट फूल पाहतो ते वस्तुतः उलटे केलेले असते. इतर फुलांत पराग भुकटीसारखा सुटा असतो. येथे तो मेणासारख्या पुंजक्यांत बांधलेला असून कीटकाच्या अंगाला चिकटून एकाच खेपेत दुसऱ्या फुलाकडे जातो.

एवढी स्वावलंबी वनस्पती. पण तिच्या जन्माची कथा निराळी आहे. आमरीच्या एका बोंडात हजारोंनी बिया असतात. त्या धुळीच्या कणांइतक्या सूक्ष्म असून वाऱ्यावर कोठेही जातात. मात्र त्यांच्यापाशी शिदोरी नसते. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंभासाठी अन्न भरून ठेवलेले असते, तसे येथे काहीच नाही. सालीवर पडलेल्या बीला तेथे योग्य जातीचे कवक, म्हणजे बुरशीचे तंतू, भेटले तरच ती रुजते. ते कवक बीच्या आत शिरते आणि बी त्याच्याकडून आपले पहिले अन्न मिळविते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ साली आमरींचा हा जन्मरहस्याचा धागा सापडला. त्यापूर्वी युरोपातील बागवान आमरींची बी पेरून पेरून थकत आणि त्याचे कारण त्यांना उमगत नसे. पुढे १९२२ साली अमेरिकेतील ल्युईस नडसन यांनी कवकाऐवजी साखर व क्षार घातलेल्या आगरवर बी रुजवून दाखविले, आणि आजचा सारा फुलबाजार उभा राहिला.

तेव्हा मित्रहो, वृक्षरुहा कोणाचेच ऋण घेत नाही, असे म्हणता येणार नाही. ती झाडाचे अन्न घेत नाही. परंतु झाडाची जागा घेते, पावसाचे दान घेते आणि बालपणी कोणा अदृश्य पोशिंद्याचा घास घेते. ऋण आणि लूट यांत जो फरक आहे, तो वंदा आणि बांडगूळ यांत आहे. हा फरक शब्दांत राखणे हे भाषेचे काम आहे, आणि ते न झाले म्हणजे काय होते, तेही पाहण्याजोगे आहे.

बागेची निगा राखणारी माणसे आंब्यावरचे बांडगूळ काढावयास चढतात, तेव्हा शेजारची वंदाही खरवडून टाकतात. त्यांना विचारावे तर उत्तर मिळते, ‘झाडाला खाते.’ हा अपराध हाताचा नव्हे, शब्दाचा आहे. दुसरे उदाहरण औषधाचे. आयुर्वेदात वातविकारांवर सांगितलेली ‘रास्ना’ कोणती, याविषयी प्रांतोप्रांती मतभेद आहेत. बंगालमध्ये वंदेची मुळे रास्ना म्हणून वापरली गेली. दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचे कंद वापरले जातात. आणि आयुर्वेदाच्या शासकीय औषधकोशात रास्ना म्हणून ‘प्लुचिया लॅन्सिओलाटा’ ही जमिनीवर वाढणारी, अगदी निराळी वनस्पती मान्य केलेली आहे. एका नावाखाली तीन वनस्पती खपतात. आणि त्यांतील जी वर्षाकाठी बोटभर वाढते, ती मुळासकट उपटली जाते. नावांचा घोळ हा पंडितांच्या वादापुरता राहत नाही. तो कोणाच्या तरी मुळावर येतो.

लोभाचाही एक वाटा आहे. मेघालयाच्या खासी टेकड्यांतील निळी वंदा एकोणिसाव्या शतकात युरोपियनांच्या दृष्टीस पडली आणि तिच्या निळाईने तेथील श्रीमंतांना वेड लावले. जोसेफ हूकर यांनी तेथून सात माणसांच्या ओझ्याइतकी रोपे लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यांतील फारच थोडी जिवंत पोहोचली, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेविली आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींच्या रक्षणाची तरतूद झाली, तेव्हा पहिल्या यादीत केवळ सहा नोंदी होत्या. निळी वंदा त्यांतील एक. आपली चौकड्यांची वंदा त्या यादीत नव्हती. ती दुर्मीळ नाही, म्हणून त्या तरतुदीचे कवच तिला मिळाले नाही. आणि ती आंब्यावर दिसते, म्हणून तिला कोणाची दयाही नाही. सामान्यांच्या वाट्याला जे येते, तेच तिच्याही वाट्याला आले आहे.

याच्या उलट एक उदाहरण सिंगापूरचे देतो. तेथे स्थायिक झालेल्या एका आर्मेनियन कुटुंबातील ॲग्नेस जोकिम या बाईंनी आपल्या बागेत वंदेच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या दोन जातींचा संकर केला. १८९३ साली ते फूल जगापुढे आले व ‘वंदा मिस जोकिम’ या नावाने प्रसिद्धी पावले. १९८१ साली सिंगापूरने त्याला आपले राष्ट्रीय फूल म्हणून घोषित केले. शास्त्रज्ञांनी पुढे त्याची प्रजाती बदलून ‘पॅपिलिओनँथी’ केली, तरी लोकांच्या तोंडचे नाव वंदाच राहिले. परक्या भूमीतून आलेल्या घराण्यातील स्त्री, संस्कृत कोशातून गेलेला शब्द, आणि दोहोंना आपले म्हणणारे राष्ट्र! फूल कोठले आणि नाव कोणाचे, हे विचारण्यापेक्षा ते येथे उमलले हे त्या देशाने महत्त्वाचे मानले.

आता आपल्या बडोद्याविषयी दोन शब्द बोलतो. या नगराचे नावच वडावरून, वटोदरावरून, आले असे मानतात. या वडाच्या सावलीला आपले पूर्वज आले. कोणी गायकवाडांच्या सैन्याबरोबर आले, कोणी दप्तरात कारकून म्हणून, कोणी शिक्षक म्हणून, आणि या प्रतापनगरच्या परिसरात कित्येक जण रेल्वेच्या चाकरीमुळे आले. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्यसंमेलने या बडोद्यात भरली. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या समाजाला केव्हा ना केव्हा एक बोचरा शब्द ऐकावा लागतो, आणि तो शब्द बहुधा ‘बांडगूळ’ हाच असतो. त्यावर चिडून उपयोग नाही. आपण वृक्षादनी आहोत की वृक्षरुहा, हे शब्दाने ठरत नाही, मुळांनी ठरते. आपली मुळे जर येथील माणसांच्या कष्टांत शोषकमूल घालून बसली असतील, तर तो शब्द आपण स्वीकारावयास हवा. पण ती जर आपल्याच घामावर, आपल्याच भाषेच्या दवावर जगत असतील आणि ज्या झाडावर आपण उमललो त्याला चार फुलांची शोभा देत असतील, तर संकोच कशाचा?

मात्र वृक्षरुहेचे एक कर्तव्य असते, ते म्हणजे झाडाची काळजी. झाड पडले की बांडगूळ मरते, तशी वंदाही मरते. तिला नवे, गुळगुळीत सालीचे रोप चालत नाही. जुनी साल, तीवर साठलेली धूळ, तीत जगणारे कवक, हे सारे जुळून यावयास काळ जावा लागतो. रस्तारुंदीकरणात शंभर वर्षांचा वृक्ष तोडून त्याऐवजी दहा रोपे लावली, असा हिशेब मांडला जातो; त्या हिशेबात वृक्ष मोजले जातात, वृक्षावरचे बिऱ्हाड मोजले जात नाही. येथील शाळांनाही ते लागू आहे. एखादी जुनी शाळा बंद पडली तर तिच्या जागी नवी इमारत उभी राहू शकते. पण ज्या अदृश्य तंतूंनी शिदोरीवाचून आलेल्या मुलांना पहिला घास दिला, ते तंतू नव्या भिंतींवर लगेच धरत नाहीत. आज ज्यांचे आपण स्मरण करीत आहोत, ते गुरुजी अशा तंतूंपैकी एक होते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्यासाठी एक काम. आपल्या वस्तीतील, रस्त्याकडेची, रेल्वेच्या आवारातील जुनी झाडे पाहा आणि त्यांची एक वही करा. फांदीवर गाठ येऊन तिच्यातून निराळ्या पानांचे झुडूप निघालेले दिसले, तर ते बांडगूळ. गाठ नसून सालीवर पांढरी मुळे पसरलेली आणि पाने दोन ओळींत लागलेली दिसली, तर ती वंदा. वंदा तोडून घरी आणू नका. जेथे आहे तेथेच तिची नोंद करा. आणि कोणी तिला ‘झाडाला खाते’ म्हणून खरवडू लागले, तर नम्रपणे सांगा : दादा, ही खात नाही, ही फक्त राहते. एवढे एक वाक्य तुमच्यापैकी दहा जणांनी दहा ठिकाणी सांगितले, तरी अमरकोशातला एक गुंता सुटला असे मी समजेन.

 गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे भाषण संपवितो.